वारा जमिनीकडून होता

गाडी चालवायचा परवाना हातात येऊन मला जेमतेम दीड महिना झाला होता, आणि नवऱ्याशिवाय सौदीतल्या जुबैलच्या चौपाटीवर जायची ती माझी पहिलीच वेळ. त्या शुक्रवारी त्याची शिफ्ट अचानक बदलली. आठ वर्षांच्या लेकीला आठवडाभर कबूल केलेलं, म्हणून मी म्हटलं, मी नेते.

"नक्की?" त्यानं विचारलं.

"हो," म्हटलं खरं, पण जुम्म्याची नमाज सुटून रस्त्यावर गाड्यांची रांग लागली तशी मी रस्त्याची कड सोडेना. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळेच अम्मा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य रत्नागिरीकडच्या बंदराच्या गावात गेलेलं. आमच्याकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्या प्रत्येक वळणावर दाराची मूठ घट्ट धरत होत्या.

चौपाटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्या, शेगड्या, कोळशाचा धूर, सायकली. आम्ही पाण्याजवळ चटई टाकली. लेकीनं हंसाच्या आकाराची फुगवायची रिंग आणली होती. "कमरेइतक्याच पाण्यात," मी बजावलं.

"I know, Mama."

ती शाळेत पोहायला शिकते, मला मात्र पाण्याची भीती. माझ्या अब्बांनी लहानपणी कधी विहिरीतही उतरू दिलं नाही. म्हणून मी काठाशी उभी राहूनच तिच्यावर नजर ठेवत होते. अम्मांनी चहा मागितला. थर्मासचं झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडायला मी वळले. एवढीच काय ती माझी पाठ वळली.

पुन्हा पाहिलं तेव्हा पांढरा हंस पोहणाऱ्या माणसांच्या पलीकडे गेला होता. पोर त्यात पाय टाकून बसली होती आणि हात हलवत होती. मला वाटलं, खेळतेय. मग कळलं, ती हातांनी पाणी मागे सारतेय आणि तरी दूरच जातेय.

मी हाक मारत पाण्यात धावले. अबायाचा लांब झगा पायांत गुंडाळला गेला, पाणी कमरेपर्यंत आलं, आणि मागून कुणीतरी माझा दंड पकडला. अम्मा. त्या वयात त्या कशा पोचल्या, मला आजही कळत नाही.

"तू नको जाऊस!"

"सोडा मला, अम्मा!"

"तुला पोहता येतं? मग? दोघींना कोण काढील?"

तेवढ्यात पोरीचा आवाज आला, बारीक, वाऱ्याआड. "Mama, I'll swim! I'm coming!" आणि तिनं एक पाय रिंगबाहेर काढला.

अम्मांनी माझा दंड सोडला नाही, पण ओरडल्या त्या अशा, की आजूबाजूची माणसं थबकली. "उतरू नको! हंसाला धर! दोन्ही हातांनी धर, बाय, सोडू नको!"

लेक घरात आम्हाला इंग्रजीत उत्तरं देते. अम्मांशी तिचं मोडकंतोडकं हिंदी चालायचं. तिला हे मराठी कळेल का, या धास्तीनं मी तेच इंग्रजीत ओरडायला तोंड उघडलं. तिनं पाय आत घेतला. हंसाच्या मानेला मिठी मारली. आणि तशीच लांब लांब जात राहिली.

शेजारच्या सतरंजीवरचे एक सौदी गृहस्थ तोवर उठले होते. त्यांच्याकडे प्लास्टिकची वल्हवायची होडी होती. ती त्यांनी ओढत पाण्यात घातली. त्यांची बायको माझ्याजवळ येऊन अरबीत काहीतरी म्हणत राहिली. मला त्यातलं फक्त "अल्लाह" कळत होतं. होडी पोचायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. मी हंसावरची नजर काढली नाही. काढली तर तो दिसेनासा होईल असं वाटत होतं.

त्यांनी तिला होडीत घेऊन परत आणलं, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "खलास, खलास," म्हणजे झालं, संपलं, असं ते मला म्हणाले, जणू रडणारी मीच लहान मूल होते. मी त्यांचे धड आभारही मानू शकले नाही. अम्मांनीच हात जोडले.

चटईवर लेकीला टॉवेलात गुंडाळून बसलो. अम्मांनी तिचे केस पुसले. मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ असाच होडीतून उतरला. होडी वाहत चाललेली, किनारा दिसत होता. म्हणाला, पोहत जातो. होडी दुसऱ्या दिवशी मिळाली. वल्ही आतच होती."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यांना भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना मी गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हटलं, "अम्मा, यांना इतक्यात नको सांगू या. पुन्हा आम्हाला एकटं सोडणार नाहीत."

"सांगायचं," त्या म्हणाल्या. "आणि तूच सांगायचं."

नवरा कंपनीच्या बसनं घरी आला आणि बूटही न काढता खुर्चीवर बसला, कारण मी दारातच सुरुवात केली होती. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "वारा कुठून होता?"

"जमिनीकडून," अम्मांनी आतून उत्तर दिलं.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तोही त्याच बंदरावर वाढलेला. जमिनीकडचा वारा तरंगती वस्तू आत समुद्रात नेतो, हे त्याला सांगावं लागलं नाही. थोड्या वेळानं मला म्हणाला, "आता तू पोहायला शिक."

हल्ली आठवड्यातून दोनदा मी बायकांच्या पोहण्याच्या तलावात जाते. शिकवणारी बाई माझ्याहून लहान आहे, फार धीराची आहे. पाणी गळ्यापाशी आलं की अजून माझा श्वास अडकतो. आता सलग दहा-बारा हात मारता येतात.