सुख-दुःखाच्या ग्रुपबाहेर

गावच्या सुख-दुःखाच्या ग्रुपमधून मला काढलं, त्याला आता दीड वर्ष होईल. कोण गेलं, सावडणं कधी, दशक्रिया कुठे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळं त्या ग्रुपवर येतं.

लोणीच्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे. शेतकऱ्यांच्या जुन्या पाणबुडी मोटारी घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. हा धंदा मी कुणापुढे हात न पसरता उभा केला. पुण्याला असलेल्या मुलीने त्याची छोटी वेबसाइट करून दिली. महिना झाला तरी ती माझ्याशिवाय कुणी उघडत नव्हतं.

एका सकाळी चिडून मी लिंक अकरा ग्रुपवर एकदम टाकली. ‘जुन्या मोटारी, खात्रीशीर. एकदा अवश्य भेट द्या.’ खाली जोडलेले हात. सुख-दुःखाच्या ग्रुपवर वर काय आहे ते पाहिलंच नाही. आमच्या आळीतली एक म्हातारी पहाटे गेली होती. लोक श्रद्धांजली टाकत होते, आणि घाईत एकाने माझ्या मोटारींनाही भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

ग्रुप चालवतो माझा थोरला चुलतभाऊ. त्याचा लगेच फोन.

“मेलेल्या मानसाखाली दुकान मांडतो व्हय रं? लाज हाय का न्हाई?”

चूक माझी होती. तेवढं कबूल करून गप्प बसलो असतो तर मिटलं असतं. पण मी म्हणालो, “तू रोज प्लॉटच्या जाहिराती टाकतो, तवा कुठं जाती तुझी लाज?”

फोन ठेवला तोवर मी ग्रुपबाहेर होतो. त्याचे प्लॉट आजही तिथे रोज येतात म्हणे. हे मी विसरलेलो नाही.

पुढे गावातला एक विहिरीची कामं करणारा गेला. वीस वर्षं आम्ही भाव करताना एकमेकांवर ओरडलो होतो. तो गेल्याचं मला स्टँडवरच्या फ्लेक्सने सांगितलं. फोटोखाली दशक्रियेची तारीख होती, चार दिवस उलटून गेलेली. मी नव्हतो, हे लोकांनी पाहिलं असणार. का नव्हतो, ते कुणाला सांगत बसू?

त्यानंतर न विचारता कुणाला काही पाठवलं नाही. गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचं, “नवीन माल आला की कळवू का?” हो म्हणेल त्याचाच नंबर ठेवायचा, नको म्हणाला की काढून टाकायचा. आणि वेबसाइटवर एक पान लिहिलं: जुनी मोटर घेताना फसू नये म्हणून काय बघावं. रंग ताजा दिसला तर नखाने खरवडा. शाफ्ट हाताने फिरवा. पाण्यात सोडून अर्धा तास चालवून दाखवायला सांगा. जुनी मोटर विकत घेताना मी जे तपासून विकणाऱ्याला गप्प करायचो, ते सगळं लिहून टाकलं.

मुलगी म्हणाली, “बाबा, हे वाचून लोक तुम्हालाच पिळतील.”

“पिळू दे. कुणी येईल तरी.”

बरेच महिने कुणी आलं नाही. मग गेल्या आठवड्यात खोडदचा एक शेतकरी आला. मोटर पाहिली, नखाने रंग खरवडला, शाफ्ट फिरवला.

“अर्धा तास चालवून दावा.”

“कुठं शिकला हे पावणं?”

“फोनवर वाचलं.”

“आरं, मीच लिहिलंय ते!”

“मग तर चालवाच की, राव!”

मी तडकलो, दोन शब्द बोललो, आणि मोटर हौदात सोडली. ती चालू असेपर्यंत आम्ही उलट्या बादल्यांवर बसून चहा प्यालो. शेडमध्ये इतका वेळ कुणी बसल्याला किती दिवस झाले होते. भाव मी मुद्दाम लवकर सोडला नाही.

निघताना विचारलं, “हे पान दिलं कुणी तुमाला?”

“तुमच्याच गावच्या ग्रुपवर व्हतं. मी जावई ना तुमच्या गावचा. थोरल्या भावानं टाकलंय तुमच्या. लई जनांनी अंगठे दिल्यात.”

“बघू जरा.”

त्याने फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. माझं पान समोरच होतं. अंगठे मोजायचे सोडून मी आधी वर सरकवत गेलो, कोण कोण गेलं ते बघायला.