फुटलेली काच

माझा मामा गवंडी होता आणि त्याला जगाचा शेवट तोंडपाठ होता. बायबलातलं दहा शिंगांचं श्वापद म्हणजे कोण, कुठलं राज्य कधी कोसळणार, सगळं त्याने एका वहीत पेन्सिलीने मांडून ठेवलं होतं. त्याने सांगितलेली दोन सालं आली तशी गेली, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी त्याचं नाव 'शेवटमिस्त्री' ठेवलं. तो खोडरबर घ्यायचा आणि पुन्हा आकडेमोडीला बसायचा. मला मात्र संताप यायचा. घरातला नळ गळतोय, मामी गुडघा धरून जिना चढतेय, आणि हा गृहस्थ पुढच्या युगात!

कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंतीला भेग दिसली की तो लगेच लिंपत नसे. भेगेवर आडवी अशी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवायचा आणि महिनाभर वाट बघायचा. पट्टी शाबूत राहिली तर खुशाल गिलावा करा. तडकली तर भिंत अजून हलतेय, आधी माणसं बाजूला करा. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

प्रार्थनामंदिराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर त्याने अशीच पट्टी लावली होती. त्या रविवारी मंदिराला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. गुरुवारी पाळकसाहेब घरी येऊन बसले. "मिस्त्री, बाहेरून पाहुणे येणार. ती भेग दिसता कामा नये. चारचौघांत लाज जाईल."

शुक्रवारी संध्याकाळी मामा मंदिराच्या भिंतीला गिलावा करून आला आणि मोरीत थापी धूत होता. खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्यातून रुमाल खाली पडला. मी उचलला तर आत काचेचे दोन तुकडे.

"मामा, ही त्या भिंतीवरची?"

"हो."

"तरी गिलावा केलास?"

"इतकी वर्षं उभी आहे, दोन दिवसांनी काय होतंय? सोमवारी फोडून बघतो. तू कुठे बोलू नकोस."

मी नाही बोलले. याची मला अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. मामी नेहमीच्या जागी बसली होती, उत्तरेकडच्या भिंतीला पाठ टेकून. गुडघ्यामुळे तिला टेकल्याशिवाय बसवत नसे. तिच्या शेजारी बाळंतिणी आणि लहान मुलं होती. मी समोरून त्या गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र गिलाव्याकडे बघत होते.

उतारा वाचायची पाळी मामाची होती. संदेष्ट्यांचं पुस्तक म्हणून स्वारी छाती काढून उभी राहिली. हा उतारा त्याने शंभरदा चाळला असेल. पण त्यात सालाचा आकडा नाही, म्हणून तिथे तो कधी थांबला नसेल. सगळं ठीक नसताना सगळं ठीक आहे म्हणून सांगणाऱ्यांवर देव त्यात रागावलेला आहे. लोक कच्ची भिंत बांधतात आणि हे वरून गिलावा करतात, असं तो म्हणतो. भिंत पडेल आणि लोक विचारतील, कुठे गेला तुमचा गिलावा?

गिलावा हा शब्द आला आणि मामा थांबला. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग खाली मामीकडे. पाळकसाहेब खाकरले. मामाने पुस्तक मिटलं.

"उठा," तो म्हणाला. "भिंतीजवळचे सगळे उठा. बाहेर चला."

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "आला शेवट!" पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, पाहुण्यांसमोर तमाशा नको." मामीसुद्धा वैतागली. "अहो, बसा खाली. आज कुठलं साल काढलंत?"

मला वाटलं, आता हा खाली बसणार. मामाने खिशातून रुमाल काढला, उघडला आणि काचेचे तुकडे मामीसमोर धरले.

मामीचा वैताग गेला. तीस वर्षं गवंड्याचा संसार केलेली बाई. तिने शेजारणीचं बाळ काखेत मारलं, गुडघा धरून उठली आणि म्हणाली, "चला गं, उठा सगळ्या." ती उठली तशा बाकीच्याही उठल्या.

सगळी मंडळी बाहेर अंगणात आल्यावर मामा एकटा आत गेला आणि सगळे दारातून बघत असताना त्याने हातोडीने गिलावा फोडला. त्याने आत हात घातला तो कोपरापर्यंत गेला. विटा नुसत्या एकमेकींवर ठेवल्यासारख्या होत्या. पाळकसाहेब खाली बसले. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "हे मला माहीत होतं. मी झाकलं."

दुपारी मामीने त्याला ताट वाढलं आणि समोर बसली.

"काच फुटलेली कधी दिसली तुम्हाला?"

"शुक्रवारी."

"आणि मी कुठे बसते, ते माहीत नव्हतं?"

श्वापदाच्या दहाही शिंगांचा अर्थ सांगणाऱ्या माझ्या मामाने ताट बाजूला सारलं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

मामीने डोळे पुसले आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. "जेवा. भिंतीला टेकू लावायला जायचंय."