काळ्या ताक्यावरची रुई

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद केल्या. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या त्या गोळ्यांवर माझी कातडी बरीच वर्षं शहाण्यासारखी वागत होती. यकृताला मात्र त्या मानवेनाशा झाल्या.

"आता इंजेक्शनवर जाऊ," त्या म्हणाल्या. "पण आधी टीबीची तपासणी, काविळीची तपासणी, छातीचा एक्स-रे. तोवर उसळेल, घाबरायचं नाही. आणि नाक्यावरच्या कुठल्या डॉक्टरकडून स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं नाही. चार दिवस छान वाटेल, मग दुप्पट येईल."

मी घाबरणारी नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते तेवढं खरं नव्हतं.

मला सोरायसिस आहे. कातडी गरजेपेक्षा फार घाईने वाढते, लाल चट्टे येतात, त्यावर पांढुरकी खपली धरते आणि ती गळत राहते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा मनात म्हटलं आहे की आता त्याचा अर्थ उरलेला नाही. तोंडाने मात्र ते फार कमी वेळा म्हटलं.

गोळ्या बंद झाल्यावर पंधरवडा बरा गेला. मग कोपरांवर आलं, मग पाठीवर, मग केसांच्या कडेने कपाळावर. टीबीच्या तपासणीत जुना, झोपलेला टीबी असल्याचं निघालं. आपल्याकडे पुष्कळांच्या अंगात तो असतो म्हणे आणि काही करत नाही. पण इंजेक्शनाने जागा होऊ शकतो, म्हणून आधी त्याच्या गोळ्या. झालं, इंजेक्शन आणखी पुढे गेलं.

मी कामाला लागले. आंघोळ कोमट पाण्याची, साबण जवळजवळ नाहीच, अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन. रात्री कोपरांवर मलम लावून वरून जुन्या सुती मोज्यांच्या नळ्या चढवायच्या. खाज आली की नखं नाहीत, ओलं फडकं दाबून धरायचं. सकाळी नवरा दापोड्याच्या गोदामात ड्युटीला जायची तयारी करू लागला की मी चादर झटकायची. मी झटकेपर्यंत तो त्या खोलीत यायचा नाही. शेजारणींनी कडुलिंब सांगितला, करंजाचं तेल सांगितलं, मासे आणि दूध एका दिवशी खाल्लंस म्हणून झालं असंही सांगितलं. करंजाचं तेल मी लावलं. वास आला, बाकी काही झालं नाही.

शेजारणींना सांगण्याचं कारण म्हणजे त्या वाळत घातलेले कपडे बघतात; त्यांच्यापासून लपत नाही. कामावर कोणालाच माहीत नव्हतं. तसं लपवायला भिवंडीइतकी सोयीची जागा नाही. मी टेमघरच्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात कापड तपासते. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, टेबलावरून ओढून घ्यायचा, गाठी, तुटलेले धागे, तेलाचे डाग शोधायचे, चिमट्याने गाठ काढायची, कात्रीने शेपूट छाटायचं, मग ताका घडीला द्यायचा. लूमवर सूत घासतं आणि त्याची रुई उडते. ती आमच्या केसांत असते, भुवयांवर असते, डब्यातल्या भाजीतही असते. त्यामुळे खांद्यावर पांढरं दिसलं तर या गावात कोणी विचारत नाही. रिक्षात एखाद्या बाईने माझ्या साडीकडे पाहिलं तर मी म्हणायची, "लूमवर असते ना, रुई." ती मान डोलवायची. तिचाही भाऊ नाहीतर दीर लूमवरच असायचा.

मी हे इतकी वर्षं म्हटलं की ते मला खोटं वाटेनासं झालं.

मग ऐन मे महिन्यात काळ्या कापडाची ऑर्डर आली. बुरख्याचं कापड, अगदी दाट काळं. शेठनी आतल्या शेडमधल्या अर्ध्या लूमवर काळं सूत चढवलं. उरलेल्या लूमवर नेहमीचं पांढरं चालू होतं. आमचे शेठ कोकणी मुसलमान, आजोबांच्या काळापासून लूम असलेले. माझ्याएवढेच वयाने, तोंडाने तिखट, पण माझ्या नजरेवर त्यांचा भरवसा होता. "ताईंनी बघितलं म्हणजे झालं," असं माल घेणाऱ्या पार्टीसमोर म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता, उगाच नाकारत नाही.

काळा ताका मी टेबलावर ओढला आणि दहा-बारा हात सरकल्यावर मला ते दिसलं. बारीक, पातळ, चमकणारं. मी फुंकर मारली. काही उडालं, काही चिकटून राहिलं. मी हात झटकला तर आणखी पडलं. त्या दिवसापासून मी लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला, मनगटाला रबर लावलं, डोक्याला रुमाल गच्च बांधला. माझ्याबरोबर घडी घालणारी बाई पाड्यावरून चालत येते, ती म्हणाली, "ताय, एवढ्या उकाड्यात कं बांधून घेतलंय? लगीन हाय का घरात?"

"ऊन बाधतंय."

"आपण तं सावलीत हाव."

मी ताका पुढे ओढला.

रबराने खपल्या थांबत नाहीत. उलट घामाने कातडी जास्त भडकली. आठवडा संपायच्या आत शेठ टेबलाशी आले, हातात परत आलेला तुकडा.

"ताई, पार्टीचा फोन होता. काळ्यावर सफेद सफेद दिसतंय म्हणतो. बघा ना, काय आहे हे?"

मी बघितलं. मला बघायची गरज नव्हती.

"रुई," मी म्हटलं. "बाजूला पांढरं चालतंय ना, उडून बसते."

जीभ सवयीने चालली. रिक्षातल्या बाईला सांगावं तसं मी शेठना सांगितलं. आणि शेठनी विश्वास ठेवला, कारण कापडावरचं मी सांगेन ते खरं अशीच आमची रीत होती. ताका बघणाऱ्याने दोष ओळखायचा आणि मालकाने तो दूर करायचा. त्यांनी तो दूर करायला घेतला. काळ्या आणि पांढऱ्या लूमच्या मधे छतापासून प्लास्टिकचे पडदे सोडले. दर पाळीला झाडू मारायला लावला. आणि शेडमधले सगळे पंखे बंद केले, कारण रुई पंख्याने उडते.

भिवंडीचा मे, वर पत्रा, खाली गरम झालेल्या मोटारी आणि पंखा नाही. कारागीर बनियनवर आले, मग बनियनही काढली. दर थोड्या वेळाने एकेक जण नळाखाली डोकं धरून यायचा. सगळ्यात जुना कारागीर उत्तर प्रदेशातला, पांढरी दाढी, खांद्यावर ओला गमछा. तो माझ्या टेबलावरून जाताना म्हणाला, "मौसी, ये कपड़ा है कि नई दुल्हन? हवा भी नहीं लगने देते!"

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते, माझ्या पाठीची कधी आली नाही इतकी.

दुपारी तोच म्हातारा लूम थांबवून भिंतीला टेकून बसला. डोळे मिटलेले, छाती वरखाली. घडीवालीने त्याला पाणी दिलं, मिठाची चिमूट टाकून. मी टेबलावर होते. उठले नाही. उठले असते तर त्याच्याजवळ जावं लागलं असतं.

घरी गेल्यावर मी हिशेब मांडला, कारण मला तसाच विचार करता येतो. सांगितलं तर काय होईल? फार तर काळा ताका माझ्याकडून काढून घेतील. फार तर मी प्यायलेल्या ग्लासने कोणी पाणी पिणार नाही. नाही सांगितलं तर म्हातारा उद्याही भिंतीला टेकेल. हिशेब सरळ होता. तरी दुसऱ्या दिवशी मी जाऊन टेबलावर बसले आणि काही बोलले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

पार्टीचा पुन्हा फोन आला. पंखे बंद, पडदे लावलेले, तरी सफेद आहेच. शेठ लूमच्या रांगेत उभे राहून जॉबरला, लूमची देखभाल करणाऱ्या मुकादमाला, सांगत होते: उद्यापासून पांढऱ्याचे सगळे लूम बंद, काळी ऑर्डर निघेपर्यंत. आमच्याकडे कापड निघेल तशी मजुरी. लूम बंद म्हणजे माणूस खोलीवर बसून राहणार. म्हाताऱ्याचे लूम पांढऱ्यातले.

मी उठून शेठजवळ गेले. केबिनमध्ये चला म्हणायला हवं होतं. पण केबिनमध्ये त्यांचा मुनीम असतो, आणि इथे लूम चालू होते. लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं शेजारच्याला ऐकू येत नाही. मी म्हटलं इथेच बरं.

"शेठ, ती रुई नाही."

"काय?"

"रुई नाही ती! माझी कातडी आहे!"

त्यांना कळलं नाही. मी मनगटाचं रबर काढलं आणि बाही कोपराच्या वर सरकवली. मग त्यांच्या कानाशी न जाता, लांबूनच, एकेक शब्द तोंड मोठं करून सांगितला. माझ्या अंगाची खपली पडते. औषध बदललंय. म्हणून वाढलंय.

शेठनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. मग बहुतेक त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते पाऊल परत पुढे टाकलं. दोन्ही मला दिसलं.

"लागतं काय?"

"नाही."

"डॉक्टर म्हणतो?"

"डॉक्टर म्हणतात."

मग ते चिडले आणि मला बरं वाटलं. "मग आधी बोलायचं ना, ताई! या लोकांना मी भाजून काढलं इथे. मला काय स्वप्न पडणार?"

मी मान वर केली तेव्हा म्हातारा आपल्या लूमवरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या पलीकडचाही. मला तेव्हा आठवलं, जे मला पक्कं माहीत होतं आणि इतकी वर्षं मीही तेच करत आले होते: लूमवर कोणी कानाने ऐकत नाही. सगळे ओठ वाचतात. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला चहा सांगतो तो असाच. जिथे कोणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी उभी राहिले, तिथून प्रत्येकाला माझं तोंड दिसत होतं. शेठना नीट कळावं म्हणून मी ते उघडलंही होतं चांगलं मोठं.

पंखे लागले, पांढऱ्याचे लूमही चालू राहिले. कोणीतरी शिट्टी मारली. संध्याकाळी पाळी सुटताना म्हातारा माझ्या टेबलाशी थांबला.

"मौसी, इतने दिन हमको भट्ठी में पकाया. एक बार बोल देतीं."

"शरम आती थी, चाचा."

"शरम आपकी, पसीना हमारा," तो म्हणाला आणि गेला. रागाने म्हणाला नाही.

काळे ताके घडीवालीकडे गेले. तिची नजर चांगली आहे, पण गाठ काढताना ती चिमटा जोरात ओढायची आणि भोक पडायचं. मी टेबलापासून हातभर लांब उभी राहून, हात मागे बांधून, तिला शिकवलं. ती म्हणाली, "ताय, जवळ येऊन दाखवा ना, मला न्हाय समजत."

"जवळ आले की पडेल."

"मंग मी झाडीन," ती म्हणाली. तरी मी लांबच राहिले.

पाण्याच्या माठाजवळचा स्टीलचा ग्लास दोन तरुण कारागिरांनी वापरायचा सोडला. ते बाटल्या आणू लागले. मला ज्याची भीती होती ते हेच होतं, आणि ते झालं. पण त्याने माझी झोप उडाली नाही. म्हाताऱ्याच्या वाक्याने उडाली.

माफी कशी मागायची ते मला येत नाही. मला करता येतं ते मी केलं. रविवार गेल्यावर मोठ्या कॅनमध्ये ताक करून नेलं, जिरं, मीठ, कोथिंबीर, बर्फ. निघताना प्लास्टिकचे हातमोजे पिशवीत टाकले होते, वाढताना घालायला. मग ते काढून ठेवले. हातमोजे घातले असते तर सगळ्यांनी प्यायलं असतं, आणि माझ्या हातचं कोण पितं ते मला कधी कळलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कॅन उघडला. घडीवालीने सगळ्यांत आधी ग्लास पुढे केला. शेठनी केबिनमध्ये मागवून घेतलं. जॉबरने घेतलं. एकाने पोट बिघडल्याचं सांगितलं, एकाने दात दुखतो म्हणून. दातदुखीवाला नंतर कुल्फी खाताना दिसला. म्हातारा मात्र आला, उभ्याउभ्या एक ग्लास प्यायला, ग्लास परत पुढे केला. मी पुन्हा भरला. माझी बाही वर सरकली होती आणि त्याने ते पाहिलं.

"नमक कम है, मौसी," तो म्हणाला.

मी वरून घालायला मीठ आणलं नव्हतं. तसं त्याला सांगितलं. त्याने खांदे उडवले, दुसरा ग्लासही संपवला, गमछ्याने दाढी पुसली आणि लूमवर गेला.

निम्मा कॅन उरला. तो मी घरी आणला, आणखी मीठ घातलं, आणि नवऱ्याने व मी दोन दिवस तेच ताक प्यायलं. इंजेक्शन त्याच्या पुढच्या आठवड्यात सुरू झालं.