तिकीट एकेरी की परतीचं?

अल खोरच्या आम्हा मराठी मंडळींकडे किस्से लोणच्यासारखे मुरत पडलेले असतात. कुणीतरी "त्या वर्षी..." म्हणायचा अवकाश, बरणी उघडलीच!

ते वर्ष म्हणजे शेजाऱ्यांनी कतारची सीमा बंद केली ते. तीन बाजूंना समुद्र, चौथी बंद! फौजा येणार, ही अफवा रोजची. शाळेच्या सुट्टीत माझी बायको स्मिता आणि लेक रेवा पुण्याला निघाल्या होत्या. प्रश्न एवढाच, तिकीट एकेरी काढायचं की परतीचं?

*

पहिला संशय दुधावर. नेहमीचं दूध सीमेपलीकडे अडकलं आणि दुकानात तुर्कस्तानचं आलं. स्मिताने ते तीनदा उकळलं, विरजण लावलं आणि दह्याची वाटी माझ्यापुढे ठेवली.

"रेवाला दे ना आधी," मी म्हणालो.

"आधी तू खा. संध्याकाळपर्यंत बघू!"

*

दुसरा संशय क्रेनवर. कंपनीच्या बसमधून वर्ल्ड कपचं स्टेडियम दिसायचं. क्रेन हलतेय तोवर वर्ल्ड कप होणार, म्हणजे नोकऱ्या शाबूत! एकदा हाफ डे घेऊन दुपारी परतलो, तर सगळ्या क्रेन ठप्प. माणूस म्हणून दिसेना.

"खलास!" शेजारी बसलेल्या जोशीने बायकोला फोन लावला. "बॅगा भर!"

उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरची कामं दरवर्षीच बंद असतात, हे बसमधून उतरताना आठवलं. जोशीवहिनींनी भरलेल्या बॅगा मात्र उघडल्या नाहीत. म्हणाल्या, "राहू देत. पुन्हा कोण भरणार?"

*

आमच्यात रीत अशी, की कायमचं परत जाणाऱ्याने आपली तुळस राहणाऱ्याकडे द्यायची. अन् एका सकाळी नेने काकूंची तुळस गॅलरीतून गायब!

नेने काका आमच्यातले सर्वांत जुने. कुवेतमध्ये इराकी फौज घुसली तेव्हा तिथेच होते. त्यामुळे त्यांच्या "काही होत नाही!"वर सगळ्यांची भिस्त. तेच निघाले म्हटल्यावर दोन घरांनी तिकिटंसुद्धा काढली. विचारायची हिंमत मात्र कुणाला होईना. शेवटी स्मिता साखर मागायच्या निमित्ताने गेली. तुळस बाथरूममध्ये!

"अगं, धुळीचं वादळ येणार म्हणून आत घेतली," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही सगळे माझ्या गॅलरीवर का नजर ठेवून असता?"

*

तरी मनात पाल चुकचुकत होतीच. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू! तिकीट काढायच्या दिवशी मी काकांना गाठलं.

"काका, खरं सांगा. कुवेतमध्ये आधी काही कळलं होतं?"

"अरे, तिथेही असंच. रोज नवी अफवा. लोक घाबरून मलाच विचारायला यायचे."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "हेच. काही होत नाही! एका सकाळी खिडकी उघडली, तर खाली रणगाडा. मग पावाच्या रांगेत उभं राहायचं तेही त्या सैनिकांसमोर, मान खाली घालून."

घरी आलो. स्मिता लॅपटॉप उघडून बसलेली.

"काय म्हणाले काका?"

"म्हणाले, काही होत नाही."