गेंदाकाकीची तूर

आईला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तुम्ही पहिलेच. आणि सांगतोय म्हणून मला भला माणूस समजू नका — इतकी वर्षं गप्प राहून माझं काहीच बिघडलं नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. शेतकी खात्यात नवाच लागलो होतो. घर देवासला, नेमणूक बदनावरजवळच्या एका खेड्यात. धोतरवाल्यांना शेती शिकवायला हा विजारवाला! गेंदाकाकी तिथली विधवा बाई, टेकडीलगत तिची मुरमाड जमीन. माझ्यावर तिचा भारी विश्वास. पहिल्या वर्षी मी तिच्या तुरीला पांढरं विलायती नत्राचं खत भरमसाट घातलं. तूर डोक्यावर गेली — नुसता पाला, शेंगा नावाला. अहो, तूर आपलं नत्र हवेतून मिळवते; त्या जमिनीत उणीव होती स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची. मी हे शिकलो होतो. आठवलं तेव्हा बाईचं वर्ष वाया गेलं होतं.

दुसऱ्या वर्षी अब्रू सावरायची होती — माझी, तिची नव्हे. स्फुरदासाठी हाताशी होती ती फक्त हाडांची भुकटी. ज्या गावात कांदा शिजत नव्हता, तिथे हाडं शेतात कोण घालू देणार?

"भिया, यो कंई है?" तिनं पोत्यात हात घालून विचारलं.

"काकी, भाटे का चूरा है." दगडाची भुकटी. किती सहज बोललो!

तूर शेंगांनी लगडली. पहिली डाळ काकीनं मंदिराच्या भंडाऱ्याला दिली, सगळा गाव जेवला. मग उन्हाळ्यात तिचं शेत नांगरताना मातीत भुकटीतून आलेला गुराचा दात सापडला.

पंच बसले — शेतात हाडं घालून काकीनं गाव बाटवलं, हा आरोप. काकी रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भिया से पूछी लो. भिया झूठ नी बोले."

सगळे माझ्याकडे वळले. काय होणार होतं माझं? फार तर बदली, नाहीतर दोन थपडा. मी म्हणालो — मी दगडाचीच भुकटी दिली होती. बाईनं नंतर त्यात काय मिसळलं, मला ठाऊक नाही.

तिला जातीबाहेर टाकलं. विहीर बंद, शेजार बंद. आणि मला त्याच तुरीच्या जोरावर धारला बढती.

मी निघालो त्या दिवशी ती मोटारीपाशी आली. हातात डाळीचं गाठोडं. "गाम में तो कोई नी खावे, भिया. तू खई लीजे." मी खोटा, हे गावात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? तरी आली. मी गाठोडं घेतलं, नमस्कारही केला.

खतातलं हाड डाळीत उतरत नाही, हे शास्त्र मला तोंडपाठ होतं. पण भंडाऱ्याच्या दिवशीही मी पोटाचं निमित्त करून पानावर बसलो नव्हतो. मोटार वळली, काकी दिसेनाशी झाली, तेव्हा मी ते गाठोडं खिडकीतून बाहेर टाकलं. मला त्या डाळीची किळस येत होती.