क्योटोतला सडा

आष्ट्याचे ते ऊसबागायतदार कारखान्याच्या कचेरीत मला नेहमी भेटत. पंचाहत्तर सालच्या सुमारास शेतीच्या दौऱ्यावर आम्ही जपानला गेलो, तेव्हाही ते धोतर-फेट्यातच होते आणि भेटेल त्याच्याशी खुशाल मराठीत बोलत. "माणूसच हाय की, कळतंय त्येला," म्हणत. बहुतेकांना ते कळायचंही.

एका सकाळी आम्ही क्योटोची जुनी पेठ पाहत होतो. लाकडी घरांच्या अरुंद गल्लीत एक म्हातारी दारापुढं पाण्याचा सडा टाकत होती. आमचा जपानी दुभाष्या त्या ओल्यावरून निघाला, तसा बागायतदारांनी त्याचा दंड धरला.

"थांब गड्या. आजीनं आत्ताच सडा टाकलाय. जरा वाळू दे."

"बस जाईल आपली," मी म्हणालो.

"जाऊ द्या. दुसरी येतीया."

सगळेच थांबले. म्हातारीनं मान वर केली, आमचे थबकलेले पाय पाहिले आणि हातातलं भांडं ठेवून कमरेत वाकली. हेही वाकले.

"आवं आजी, आमच्यात बी सकाळी आसंच आस्तंय."

म्हातारी बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. हे मान डोलवत ऐकत होते.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"च्या घिऊन जावा म्हणती," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या.

मी दुभाष्याकडे पाहिलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता.