तानाबाईनं कागल दिलं

कळंब्याच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तानाबाईला अठरा वर्षांत उलटं कोडं घालून एकही पोर हरवू शकलं नव्हतं. ताट पुढं आलं की ती पळी वर धरायची, "हुमाण घालतो, वळख!" कोडं सुटलं तर पातेल्याच्या तळाची खमंग खरवड. नाही सुटलं तर नुसतं तोंडानं एक गाव देऊन टाकायचं, तिच्या आईच्या वेळेपासूनचा रिवाज तो. पोरांनी पुणं दिलं, मुंबई दिली. पृथ्वीराजनं तर अमेरिकाच देऊन टाकली. त्याच्या बापाचं काय जातंय?

अक्षता मात्र ओठ शिवल्यागत उभी राहायची. चंदगडकडच्या खेड्यातनं बापासंगं आलेली, दुसरीतली पोर. तीन महिने झाले, चकार शब्द नाही. वर्गाच्या बाईंनीही हात टेकले होते. तानाबाईचा जीव तुटायचा.

एके दिवशी ताटं धुताना तिनं पोरीला जवळ बसवलं. "बाळा, मला भ्यालीस व्हय?"

पोरीनं नाही म्हणून मान हलवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला एकच गाव ठावं हाय. ते दिलं तर आई कुठं ऱ्हाईल?"

अगं माझे बाई! सगळी शाळा देश उधळत होती, आणि ही एवढीशी पोर तोंड मिटून आईचं घर राखत बसली होती.

"मग तू घाल की हुमाण," ती म्हणाली. "घालणाऱ्याचं गाव जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी अक्षता रांगेत बोलली. "शंभर जणास्नी जेवू घालतंय, सोत्ता उपाशी ऱ्हातंय. रोज न्हातंय, खुंटीला लोंबतंय. वळखा."

"पाण्याची हीर?" तानाबाईनं विचारलं. न्हाय. "म्हस?" न्हाय. पोरं फिदीफिदी हसायला लागली. तानाबाईला काही केल्या सुचेना.

"मावशी, तुमच्या हातातली पळी!" शेवटी अक्षतानंच सांगितलं.

तानाबाई पळीकडं बघतच राहिली. अठरा वर्षं हातात होती, आणि कधी नीट बघितली नव्हती. सात वर्षांच्या पोरीला हे दिसलं कसं?

"गाव द्या, गाव द्या!" पोरांनी गिल्ला केला.

जिंकलेली पुणं-मुंबई ढिगानं होती. पण या पोरीला फुकटातलं गाव द्यायला तिची जीभ उचलेना.

"कागल दिलं," ती म्हणाली. तिचं माहेर ते. आई गेल्यापासून तिकडं पाऊल पडलं नव्हतं.

सोमवारी पोरंच एकमेकांना हुमाण घालत होती. पृथ्वीराजच्या हुमाणात अक्षता अडकली, आणि खुशाल ओरडली, "घे कागल!"

तानाबाईनं हरलेल्या पोरीच्या ताटात खरवडीचा मोठा तुकडा टाकला. अक्षतानं हळूच विचारलं, "मावशी, तुमचं कागल दिलं, राग न्हाय न्हवं आला? पर माझं गाव तर ऱ्हायलं की."